विहीर उपसू नका, आधी गळती शोधा

"ताई, आमच्या घरामागे जुनी विहीर आहे, पिण्यापासून सगळ्याला पाणी तिचंच. साधारण साठ मीटरवर पेट्रोल पंप आहे, त्याच्या जमिनीखालच्या टाक्या खूप जुन्या आहेत. पाऊस संपला, विहिरीचं पाणी खाली गेलं आणि मग पाण्याला पेट्रोलसारखा वास यायला लागला, वर रंगीत तवंगही दिसतो. पंपाचे मालक भला माणूस आहे, जुनी ओळख आहे. ते म्हणतात दोन-तीन दिवस मोटर लावून विहीर पूर्ण उपसा, घाण निघून जाईल, टाकीभोवतीची माती मी काढून टाकतो. एक जण तेल खाणाऱ्या जंतूंची पावडर घेऊन आला होता, विहिरीत टाका म्हणाला. पाणी तपासून घेतलं तर रिपोर्ट 'पिण्यायोग्य' आला! पाणी उकळून प्यायलं तर चालेल का? आणि ही विहीर परत कधी चांगली होईल का?"

नमस्कार ताई,

आधी घाईचं सांगते, बाकीचं नंतर निवांत वाचा. आजपासून हे पाणी पिणं बंद, स्वयंपाकाला बंद, आणि आंघोळीलाही बंद. आंघोळीचं ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं पण पेट्रोलमधले जे घटक सगळ्यात वाईट ते पटकन उडून जाणारे असतात, गरम पाणी बंद बाथरूममध्ये अंगावर घेतलं की ते हवेत येतात आणि श्वासातून थेट आत जातात. उकळण्याचंही तेच. उकळल्याने जंतू मरतात, पेट्रोलमधलं बेन्झीन मरत नाही, ते फक्त पातेल्यातून निघून तुमच्या स्वयंपाकघराच्या हवेत येतं. तुरटी, क्लोरीन यांचा इथे काही उपयोग नाही. घरातल्या आरओवर भरवसा ठेवू नका, असे छोटे रेणू त्याच्या पडद्यातून बऱ्यापैकी पलीकडे जातात. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर बेन्झीन पकडतो हे खरं, पण तो कधी भरला ते डोळ्यांना दिसत नाही आणि भरल्यावर सगळं जसंच्या तसं पुढे सोडतो, त्यामुळे पाणी वारंवार लॅबमध्ये तपासण्याची सोय नसेल तर त्याच्याही नादी लागू नका. पिण्याचं पाणी दुसरीकडून आणा, कितीही गैरसोय झाली तरी.

दुसरी घाईची गोष्ट. विहिरीत कुणालाही उतरू देऊ नका. तवंग काढायला, गाळ बघायला, कशालाच नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती विहिरीच्या तळाशी साचून राहते, खाली उतरणारा माणूस दोन-चार श्वासांत बेशुद्ध पडू शकतो आणि मग त्याला काढायला दुसरा उतरतो. आणि हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के पेट्रोलची वाफ असली की एका ठिणगीवर स्फोट होतो, ती ठिणगी मोटरच्या स्विचची पण असू शकते, बिडी-काडीचं तर सोडाच. घराच्या तळघरात, मोरीच्या जाळीपाशी, जमिनीखालून केबल किंवा पाइप घरात शिरतात तिथे वास येतोय का ते बघा, कारण वाफ मोकळ्या मातीतून आणि पाइपांच्या चरांमधून लांबपर्यंत सरकते. घरात वास येत असेल तर दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांनी बाहेर पडा, विजेच्या बटणांना हात लावू नका, आणि अग्निशमन दलाला बोलवा. हे झाल्याशिवाय पुढचं काही नाही.

आता तुमच्या रिपोर्टबद्दल. नेहमीची पिण्याच्या पाण्याची तपासणी म्हणजे क्षार, कडकपणा, आम्लता, नायट्रेट, फ्लोराइड, जंतू. त्यात पेट्रोलचे घटक बघतच नाहीत. म्हणजे लॅब खोटं बोललेली नाही, तुम्ही जे विचारलं त्याचं उत्तर तिने दिलं, पण पेट्रोल आहे का हे कुणी विचारलंच नाही. तुम्हाला हवी ती तपासणी बेन्झीन, टोल्युइन, इथाइलबेन्झीन आणि झायलीन या चौघांची, जिला लॅबवाले बीटेक्स म्हणतात, सोबत नॅप्थलीन, एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं एक रसायन) आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन. टाक्या जुन्या आहेत म्हणता, म्हणजे शिशाचं पेट्रोल विकलं जायचं त्या काळातल्या असतील तर शिसं आणि इथिलीन डायब्रोमाइड हे दोन पण घाला यादीत. आणि लॅबला आधीच विचारून घ्या की बेन्झीन किती बारीक मोजता येतं, कारण जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे आणि लॅबचं यंत्र ५० च्या खाली मोजतच नसेल तर त्यांच्या 'आढळलं नाही'ला काही अर्थ नाही.

१० मायक्रोग्रॅम म्हणजे किती ते सांगते. पेट्रोलमध्ये १ टक्का बेन्झीन धरलं तर एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण पावणेनऊ ग्रॅम निघतं, आणि तेवढं बेन्झीन जवळजवळ पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत खराब करायला पुरतं. एक लिटर! थेंब-थेंब गळणाऱ्या जोडातून तेवढं कधी गेलं ते पंपावर कुणाला कळणारही नाही. बेन्झीनमुळे रक्ताचा कॅन्सर होतो हे नक्की झालेलं आहे, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ते आहे, म्हणून ही मर्यादा इतकी कडक.

वासावर जाऊ नका, दोन्ही बाजूंनी. नुसत्या बेन्झीनचा वास पाण्यात कळायला लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे मर्यादेच्या हजार पट. पेट्रोलमधले इतर घटक त्याच्या कितीतरी आधी नाकाला कळतात म्हणून तुम्हाला वास आला, हे तुमचं नशीब म्हणायचं. पण उद्या वास गेला तर पाणी चांगलं झालं असं धरू नका, नाक सरावतं आणि घटकांचं प्रमाणही बदलत जातं.

तवंगाची एक सोपी परीक्षा आहे. दोरीला काठी बांधून वरून सोडा आणि तवंग हलवा. काचेचे तुकडे व्हावेत तसा तो फुटून कडा वेगवेगळ्या राहिल्या तर तो लोहाच्या जंतूंचा असू शकतो, तो निरुपद्रवी असतो. हलवल्यावर पुन्हा एकत्र येऊन पसरला, रंग गोल फिरत राहिले तर तेल. तुमच्याकडे वास पण आहे म्हणजे तेलच असणार, तरी बघून ठेवा आणि फोटो काढा, तारखेसकट.

आता तुम्ही पत्रात एक ओळ लिहिली आहे ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, की पाणी खाली गेलं आणि मग वास यायला लागला. यात बरंच काही आहे. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, टाकीतून गळलं की मातीतून खाली उतरतं आणि भूजलाच्या पातळीला आलं की तिथे अडतं, पाण्याच्या खाली जात नाही, पातळीवर आडवं पसरत जातं. पाऊस पडून पातळी वर आली की ते पण मातीच्या कणांमध्ये वर ढकललं जातं आणि बरंचसं पाण्याखाली अडकून बसतं. पातळी उतरली की अडकलेल्यातलं थोडं सुटतं, खाली निथळतं आणि जवळच्या विहिरीत दिसायला लागतं. असं दर वर्षी वर-खाली होऊन मातीचा एक जाड पट्टाच तेलाने माखला जातो. म्हणजे तुमच्याकडे वास आत्ता आला याचा अर्थ गळती आत्ता सुरू झाली असा होत नाही, ती कदाचित बऱ्याच काळापासूनची असेल. आणि पुढच्या पावसात पाणी वर आलं की वास आणि तवंग दोन्ही गायब होतील, सगळे म्हणतील झालं बरं, तेव्हा तुम्ही हे लक्षात ठेवा की तेल तिथेच आहे, फक्त पाण्याखाली गेलंय.

म्हणूनच विहीर उपसायला मी इतक्या जोरात नाही म्हणतेय. साठ मीटरवर दूषित पाणी असताना तुम्ही विहिरीतली पातळी खेचून खाली नेली तर चहूबाजूचं पाणी विहिरीकडे धाव घेणार, त्यात पंपाच्या बाजूचं पण. आत्ता कदाचित तुमच्या विहिरीला फक्त कडेचा भाग लागला असेल, उपसून तुम्ही मधला भाग स्वतःच ओढून आणाल. शिवाय पातळी उतरली की तेल स्वच्छ मातीत आणखी खाली माखणार. उपसलेलं पाणी सोडणार कुठे, नाल्यात सोडलं की आणखी कुणाचं तरी पाणी गेलं. आणि एवढं करून विहीर स्वच्छ होणार नाहीच, कारण घाण विहिरीत नाहीये, घाण आहे मातीच्या बारीक छिद्रांत चिकटून. तेलाने माखलेलं फडकं नुसत्या पाण्याखाली धरलं तर तेल थोडं थोडं सुटत राहतं पण फडकं साफ होत नाही, तसं आहे हे. मोटर बंद ठेवा. बाकी कामांना सुद्धा.

मग करायचं काय? गळती आधी. ती चालू असेल तर बाकी सगळा खर्च पाण्यात. पंपाच्या मालकांशी ओळख आहे हे फार बरं आहे, त्यांना सांगा की संशय असलेल्या टाक्या आधी रिकाम्या करून बंद ठेवा आणि टाकी व पाइपलाइन दोन्हीची दाबाची चाचणी करून घ्या. पाइपलाइन मुद्दाम म्हणतेय, अनेकदा टाकी धडधाकट असते आणि गळत असतो पाइपचा जोड, नाहीतर टँकर रिकामा करताना भरण्याच्या तोंडाशी दर वेळी थोडं थोडं सांडत असतं. ते म्हणतील आमचा स्टॉक बरोबर जुळतो. त्यांचं रजिस्टर बघायला मागा, पण पेट्रोल दर अंश तापमानाला साधारण ०.१ टक्का फुगतं, म्हणजे दहा अंशांच्या फरकात १ टक्का इकडे-तिकडे, वरून वाफ होऊन जातं ते वेगळं, त्यामुळे बारीक गळती त्या हिशोबात सहज लपते. रजिस्टर जुळतंय म्हणून चाचणी टाळू देऊ नका.

यानंतर शोध. इथे माझं ठाम मत आहे आणि अनेकांना ते आवडत नाही: साफसफाईवर एक पैसा घालण्याआधी नकाशा करा. तेल कुठे आहे, किती खोल आहे, पाणी कुठल्या दिशेला आणि किती वेगाने चाललंय, वाटेत कोण कोण आहे. सफाईचं यंत्र चुकीच्या जागी, चुकीच्या खोलीवर बसवलं की ते वर्षानुवर्षं स्वच्छ माती स्वच्छ करत बसतं.

भूजलाची दिशा काढायला किमान तीन निरीक्षण बोअर लागतात, एका रेषेत नाही तर त्रिकोणात, आणि तिन्हींच्या तोंडाची उंची लेव्हल मशीनने नेमकी मोजलेली पाहिजे, कारण फरक बोटाएवढे असतात. जमिनीचा उतार इकडे म्हणून पाणी पण इकडेच असं डोळ्याने ठरवू नका, बरेचदा जुळतं पण नेहमी नाही. वेगाचा हिशोब हेन्री डार्सीने १८५६ मध्ये मांडलेल्या नियमावर होतो आणि तो शाळेतल्या गणिताएवढाच आहे. समजा वाळूचा थर आहे, त्यातून पाणी जाण्याची क्षमता रोज १० मीटर, पाण्याचा उतार हजाराला ५, आणि सच्छिद्रता २५ टक्के. दहा गुणिले ०.००५ भागिले ०.२५ म्हणजे दिवसाला ०.२ मीटर. साठ मीटर यायला तीनशे दिवस. चिकणमाती असेल तर हेच अंतर कापायला आयुष्य जाईल. आणि फुटलेला खडक असेल तर हा हिशोब सोडून द्या, तिथे पाणी भेगेतून जातं, एक भेग तुमच्या विहिरीत उघडत असेल तर तुमच्याकडे तेल येईल आणि मधल्या शेजाऱ्याची विहीर स्वच्छ राहील. म्हणून विहीर किंवा बोअर खोदताना कुठल्या खोलीवर काय लागलं होतं ते जुन्या माणसांना विचारून लिहून काढा, या माहितीची किंमत तपासणारा आल्यावर कळते.

बोअर घेताना दर मीटर-अर्ध्या मीटरला मातीचा नमुना काढून त्यावर वाफ मोजायचं हातातलं यंत्र, पीआयडी, धरतात, त्यावरून माखलेला पट्टा कुठे सुरू होतो नि कुठे संपतो ते कळतं. बोअरची जाळीदार नळी पाण्याच्या पातळीच्या आरपार असली पाहिजे, वरही आणि खालीही. ती पूर्ण पाण्याखाली बसवली तर वर तरंगणारं तेल त्यात कधीच येणार नाही आणि तुम्हाला खोटा दिलासा मिळेल. बोअरमध्ये तेलाचा थर सापडलाच तर त्याची जाडी बघून घाबरू नका, बारीक मातीत बोअरमधला थर आजूबाजूच्या मातीतल्यापेक्षा बराच जाड दिसतो.

पाण्याचा नमुना घेणं हे वेगळंच प्रकरण आहे आणि तिथेच निम्मे रिपोर्ट वाया जातात असं मला वाटतं. प्लॅस्टिकच्या बाटलीत चालत नाही. चाळीस मिलिलिटरची काचेची छोटी कुपी, लॅबने आम्ल घालून दिलेली, ती काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करायची आणि आत एकही बुडबुडा दिसता कामा नये, कारण बुडबुड्यात बेन्झीन उडून जातं आणि रिपोर्ट चांगला येतो. लगेच बर्फात, आणि आम्ल घातलेलं असलं तरी चौदा दिवसांच्या आत तपासलं गेलं पाहिजे. नमुना घेणाऱ्याने येताना वाटेत त्याच हातांनी गाडीत पेट्रोल भरलेलं नको, जनरेटर नमुन्याच्या जागेपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. लॅबमधून निघालेली शुद्ध पाण्याची एक बंद कुपी पूर्ण प्रवासात सोबत ठेवायची आणि तीही तपासायची, तिच्यात काही सापडलं तर घाण वाटेत लागली. हे सगळं तुम्हाला करायचं नाहीये, पण येणारा माणूस हे करतोय का ते तुम्ही उभं राहून बघू शकता, आणि बघाच.

माती काढून टाकण्याबद्दल. मालकांचा हेतू चांगला आहे, आणि तेल वरच्या थोड्या जागेत असेल तर खोदणं हा खरंच सगळ्यात वेगवान उपाय आहे. पण टाकी भरलेली असताना भोवती खोदलं तर टाकी आणि पाइप खचून आणखी गळेल, शिवाय खड्ड्यात वाफ साचते. आणि काढलेली माती जाणार कुठे? ती कुठेतरी पसरून वाळवली की बेन्झीन हवेत, आणि पाऊस आला की उरलेलं त्या नव्या जागच्या भूजलात. ती माती तुमच्या अंगणात किंवा रस्त्याच्या भरावाला तर अजिबात घेऊ नका. खोदायचं तर नकाशा झाल्यावर, प्रदूषण नियंत्रण यंत्रणेला कळवून, आणि खड्ड्याच्या तळाचे व चारही बाजूंचे नमुने घेऊन, नाहीतर थांबायचं कुठे ते कसं कळणार.

आता जंतूंची पावडर. नको. तेल खाणारे जंतू असतात ही गोष्ट खरी आहे, म्हणून तर असे विक्रेते चालतात, पण ते जंतू तुमच्या मातीत आधीपासूनच आहेत आणि गळतीची मेजवानी मिळाल्यावर त्यांची संख्या आपोआप वाढते. त्यांना कमी पडतो ऑक्सिजन. एक मिलिग्रॅम बेन्झीन पूर्ण संपवायला साधारण तीन मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि भूजलाच्या एका लिटरात फार तर आठ-दहा मिलिग्रॅम असतो, तो बघता बघता संपतो. मग ते जंतू नायट्रेट वापरतात, मग मॅंगनीज, लोह, सल्फेट, आणि शेवटी नुसता मिथेन निघायला लागतो, पण वेग मंदावत जातो. (तुमच्या विहिरीचं पाणी काढताना स्वच्छ आणि बादलीत थोडा वेळ ठेवल्यावर तांबूस होत असेल तर ती याचीच खूण असू शकते, मातीतलं लोह विरघळून आलेलं असतं, हे तपासणाऱ्याला नक्की सांगा.) १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजाचं तेल किनाऱ्यावर पसरलं तेव्हाही किनाऱ्यावर खत टाकलं होतं, तिथल्याच जंतूंना नायट्रोजन-फॉस्फरस मिळावं म्हणून, आणि त्याचा उपयोग झाला. पावडरीतले जंतू विहिरीत ओतून विहिरीबाहेरच्या मातीपर्यंत पोचणारही नाहीत, उलट पिण्याच्या विहिरीत काय ओतलं ते कुणाला सांगता येणार नाही आणि पुढचे सगळे नमुने बिघडतील.

नकाशा झाल्यावर उपाय निवडणं तसं सोपं जातं. तेलाचा थर तरंगत असेल तर तो आधी काढायचा. पेट्रोल उडणारं असल्यामुळे पाण्याच्या वरच्या कोरड्या मातीतून हवा ओढून घेऊन वाफ गाळणं चांगलं चालतं, डिझेलला ते तितकं लागू पडत नाही, तिथे मातीत हळूहळू हवा सोडून जंतूंना जगवणं बरं. पाण्याखालच्या वाळूत हवा फुंकता येते, चिकणमातीत तीच हवा एखादी वाट धरून निघून जाते आणि बाकी माती तशीच राहते. कोणी रासायनिक ऑक्सिडंट, म्हणजे तेलाचं विघटन करणारं रसायन, जमिनीत सोडायचं म्हणालं तर त्याला विचारा की माखलेल्या पट्ट्यापर्यंत ते पोचणार कसं, आणि तुमच्या घराच्या इतक्या जवळ त्याची उष्णता नि वाफ कुठे जाणार. नुसतं पाणी उपसून गाळत बसण्याची पद्धत दूषित पाणी पुढे सरकू नये यासाठी ठीक आहे, पण साफ करायला ती फार वेळ घेते आणि मोटर बंद केली की आकडे परत वर येतात. ती मोटर कुठे, किती खोल, किती लिटरने चालवायची हे मोजून ठरवतात, म्हणून त्याला तुमच्या विहिरीच्या उपशासारखं समजू नका.

विहीर चांगली होईल का? माझं खरं मत सांगते, बहुतेक होईल, पण लवकर नाही, आणि गळती थांबली तरच. आशेला आधार आहे. अमेरिकेत जमिनीखालच्या टाक्यांच्या पाच लाखांहून जास्त गळत्या नोंदल्या गेल्या आणि त्यातल्या बहुतेकांची सफाई पूर्ण झाली आहे. तिथल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अशा गळत्यांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की बेन्झीनचा दूषित पट्टा बहुतेक ठिकाणी साधारण ८० मीटरच्या आत थांबतो, कारण कडेला ताजा ऑक्सिजन मिळतो आणि जंतू त्याला तिथे अडवतात. तुमची विहीर साठ मीटरवर आहे म्हणजे दुर्दैवाने त्या आतच. आणि दुसरी बाजू पण ऐका. मिनेसोटात बेमिजीजवळ ऑगस्ट १९७९ मध्ये पाइपलाइन फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चं तेल सांडलं, बरंच काढलं, तरी जवळपास ४ लाख लिटर जमिनीत राहिलं, आणि अमेरिकेचे भूशास्त्रज्ञ १९८३ पासून तिथे ते हळूहळू कसं संपतंय ते मोजत आहेत. सगळं निसर्गावर सोपवून मोकळं व्हायचं असेल तर काळाची पट्टी अशी असते. निसर्गावर सोडायचं म्हटलं तरी मोजत राहावंच लागतं, पट्टा वाढतोय की आक्रसतोय ते.

एमटीबीईची तपासणी मी वर सांगितली ती यासाठी की ते पाण्यात फार विरघळतं, मातीला चिकटत नाही आणि जंतूंना सहजी पचत नाही, त्यामुळे बेन्झीनच्या कितीतरी पुढे धावतं. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला १९९६ मध्ये त्यापायी विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराचा जवळजवळ निम्मा पाणीपुरवठा गेला. पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर तेही विचारून ठेवा, जंतू आधी इथेनॉल खातात, त्यात ऑक्सिजन संपतो आणि बेन्झीन जास्त लांब जातं.

एक विनंती, घाईने शेजारीच खोल बोअर मारू नका. माखलेल्या थरातून भोक पाडून खाली गेलात आणि केसिंगच्या बाहेरची जागा सिमेंटने नीट बंद केली नाही तर वरचं दूषित पाणी खालच्या चांगल्या पाण्यात उतरायला तुम्हीच वाट करून द्याल. नवा स्रोत हवाच असेल तर दिशा कळल्यावर, पंपाच्या वरच्या अंगाला, म्हणजे भूजल जिकडून येतं त्या बाजूला.

मालकांशी भांडू नका पण जे बोलाल ते लेखी ठेवा. त्यांना आणि प्रदूषण नियंत्रण यंत्रणेला एकाच दिवशी पत्र द्या, वास कधी आला, पाण्याची पातळी किती होती, तवंगाचे फोटो, हे सगळं जोडून. नमुने दोघांच्या समोर घ्या आणि प्रत्येकाची जोडी करून दोन वेगळ्या लॅबना पाठवा, म्हणजे नंतर तुमची लॅब आमची लॅब होत नाही. ओळख टिकवायचा यापेक्षा चांगला मार्ग मला तरी माहीत नाही, संशयात राहिलं की ओळखी जातात. आसपास ज्यांच्या विहिरी आहेत त्यांना पण आजच सांगा, त्यांना कदाचित अजून वास आला नसेल.

आणि पुढे कधी कुणी म्हणालं की सफाई पूर्ण झाली, तर सफाईची यंत्रं बंद केल्यानंतर किमान एक पूर्ण वर्ष, पाणी वर असताना आणि खाली असताना दोन्ही वेळचे आकडे मागा, फक्त पावसानंतरचे घेऊ नका. बेन्झीन प्रत्येक वेळी मर्यादेखाली असेल तरच पाणी प्यायला घ्या. तोवर रोज सकाळी वरूनच, दोरी सोडून, विहिरीच्या पाण्याची पातळी मोजून वहीत लिहीत जा, आणि रिपोर्ट आले की ते, ती वही आणि विहिरीत कुठल्या खोलीवर काय लागलं याची माहिती असं तिन्ही मला पाठवा, म्हणजे बोअर कुठे घ्यायचे यावर आपल्याला नेमकं बोलता येईल.